लेबल निघालेली काच: टॉर्चच्या ज्योतीत धरण्याआधी आणि नंतर

महिन्यातून दोन-तीनदा तरी मला काचेच्या कांड्यांचा (टॉर्चच्या, म्हणजे गॅसच्या बर्नरच्या ज्योतीत वितळवून ज्यांचे मणी करतात त्यांचा) फोटो येतो. खाली एकच ओळ: "ताई, ही काच कुठली असेल?" फोटोवरून ते कुणालाच सांगता येणार नाही. निळी कांडी निळीच दिसते, मग ती इटलीहून आलेली असो, फिरोजाबादची असो, नाहीतर उत्पादन कधीच बंद झालेली असो. आणि फोटो पाठवणाऱ्याने बहुतेक वेळा एक कांडी ज्योतीत धरून पाहिलेलीच असते. वितळली, मणी झाला, गार झाल्यावर छान दिसला, म्हणजे "चालते" असं ठरवूनही टाकलेलं असतं.

मीही हेच केलं होतं. एका ओळखीच्यांकडून मिळालेल्या बिनलेबलच्या मोरपंखी कांड्या होत्या. माझ्या नेहमीच्या पारदर्शक काचेवर त्यांचे ठिपके देऊन छत्तीस मणी केले, भट्टीत नीट ॲनील केले (म्हणजे ताण निघावा म्हणून तापवून धरले आणि हळूहळू गार केले) आणि स्टीलच्या डब्यात भरले. दुसऱ्या रात्री डब्यातून 'टिक' असा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा. सकाळी अकरा मणी गेलेले होते, आणि तडा प्रत्येक वेळी ठिपक्याच्या कडेनेच गोल फिरलेला. ठिपका झाकणासारखा उचलून हातात आला.

त्यानंतर मी जो क्रम पाळते तो खाली दिला आहे. क्रम बदलू नका. आधीच्या चाचण्यांत कांडीचं काही बिघडत नाही, नंतरच्या चाचण्यांत कांडी खर्च होते. तुमच्याकडे चारच कांड्या असतील तर याला फार महत्त्व आहे.

## आधी प्रश्न नीट करा

कारखान्याचं नाव शोधत बसू नका. तुम्हाला हवं आहे ते एवढंच, की ही काच तुमच्या कुठल्या काचेसोबत नांदेल. त्यासाठी मुख्य आकडा प्रसरणांकाचा, ज्याला सगळे सीओई म्हणतात. १०४ सीओई म्हणजे काच एक अंश सेल्सिअसने तापली की तिची लांबी कोटी भागांत १०४ भागांनी वाढते. गार होताना तेवढीच आकसते. दोन काचा कमीजास्त आकसल्या की त्यांच्यामध्ये ताण अडकतो.

ढोबळ घराणी अशी:

- १०४: इटलीची एफेत्रे (जुन्या पेट्यांवर मोरेटी नाव दिसेल, घराणं तेच), आता न मिळणारी व्हेट्रोफॉन्ड, आणि सीआयएम (क्रिएशन इज मेसी).
- ९६: स्पेक्ट्रमची सिस्टिम ९६. स्पेक्ट्रमने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं आणि पुढे ओशनसाइडने ते चालवलं. जुना माल अजून लोकांच्या कपाटांत आहे.
- ९०: बुल्सआय. खिडकीची आणि बाटलीची काचही साधारण याच्या आसपास किंवा थोडी खाली असते, पण म्हणून ती बुल्सआयसोबत चालतेच असं नाही.
- ५० च्या आसपास: औषधांच्या अँप्युलची न्यूट्रल काच. हिच्यावर पुढे वेगळं लिहिलंय.
- ३३: प्रयोगशाळेची बोरोसिलिकेट, आपल्या बोलीत 'बोरो'.

आकडा जुळला म्हणजे काम झालं, असंही समजू नका. गार होताना काच कोणत्या तापमानाला किती घट्ट होते हेही जुळावं लागतं. म्हणून शेवटचा शब्द आठव्या टप्प्यातल्या चाचणीचा.

## टप्पा १: कांडी आली कुठून, ते लिहून काढा

मुंबईत अनोळखी काच चार-पाच वाटांनीच येते आणि वाट कळली की अर्धं काम होतं.

प्रिन्सेस स्ट्रीटच्या बाजूला प्रयोगशाळेचं सामान मिळतं, तिथली नळी किंवा कांडी बहुतेक बोरो. अगदी एकसारख्या जाडीची, सरळ, बिनरंगी. औषध कारखान्याच्या भंगारातून आलेली पातळ नळी न्यूट्रल काचेची असू शकते. फिरोजाबादकडची कांडी सोडा-लाइमची (वरची १०४, ९६, ९० ही घराणी याच जातीची), पण तिथला प्रत्येक लॉट वेगळा धरायचा. कुणी छंद सोडला म्हणून खोकंभर कांड्या दिल्या असतील, तर त्यात १०४ जास्त, पण ९६ आणि ९० मिसळलेल्या असण्याची शक्यता पुरेपूर. चौकोनी छेदाच्या पट्ट्या दिसल्या तर त्या शीटमधून कापलेल्या आहेत, म्हणजे संशय आधी ९६ किंवा ९० वर.

आणि निऑन. एलईडी आल्यापासून पाट्यांसाठी निऑन वाकवणाऱ्यांची कामं कमी झाली आणि त्यांच्याकडच्या न वापरलेल्या नळ्या बाहेर पडल्या. त्यांत शिशाची काच बरीच असते.

सावधान: वापरलेली निऑनची नळी किंवा ट्यूबलाइट कधीही कापू नका, तापवू नका. आत पारा आणि पावडरचा थर असू शकतो. फुकट मिळाली तरी नको.

वेगवेगळ्या वाटांनी आलेला माल कधीच एका डब्यात टाकू नका. रंग जुळतो म्हणून एकत्र ठेवणं ही मला सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे.

## टप्पा २: धुवा, खूण करा, जोडीदार काढा

पावसाळ्यात गाळ्यात ठेवलेल्या कांड्यांवर सादळून पांढुरका थर येतो आणि लेबलाचा गोंद चिकटलेला असतो. भांड्याच्या साबणाने धुवा, गोंद स्पिरिटने काढा, पूर्ण वाळू द्या. असाच थर घेऊन ज्योतीत गेलात तर वर साय धरल्यासारखं दिसेल आणि तुम्ही काचेलाच नावं ठेवाल.

प्रत्येक गठ्ठ्याला अक्षर द्या: क, ख, ग. मास्किंग टेपवर बॉलपेनने लिहा. मार्कर दमट हवेत पसरतो.

मग तुमच्याकडची एक खात्रीची कांडी काढा, शक्यतो त्याच जाडीची. मी १०४ ची पारदर्शक घेते. पुढची प्रत्येक चाचणी या दोघींवर एकाच वेळी करायची. एकट्या कांडीकडे बघून "मऊ वाटली" म्हणण्याला काही अर्थ नाही. कशापेक्षा मऊ?

## टप्पा ३: उजेडात बघा

तुटलेलं टोक डोळ्यासमोर धरा. खिडकीच्या काचेची कड हिरवट दिसते. जांभळट कांडी दिवसाउजेडी आणि ट्यूबलाइटखाली, दोन्हीकडे बघा. उन्हात जांभळट आणि ट्यूबखाली निळसर दिसली तर तिच्यात निओडिमियम आहे. नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च असेल तर अंधारात मारा. झगझगीत पोपटी चमकली तर युरेनियम असण्याची शक्यता मोठी, मंद हिरवी असेल तर मँगनीजही असू शकतं. यातून घराणं ठरत नाही, फक्त नोंद होते. पाच मिनिटांहून जास्त वेळ घालवू नका.

## टप्पा ४: ग्लिसरीनची वाटी

ही चाचणी मला सगळ्यात आवडते. केमिस्टकडून ग्लिसरीनची बाटली आणा, काचेच्या वाटीत ओता आणि पारदर्शक कांडीचं टोक बुडवा.

बोरो असेल तर बुडालेला भाग नाहीसा होतो. बोरोचा अपवर्तनांक साधारण १.४७४ आणि ग्लिसरीनचा १.४७३, त्यामुळे उजेडाला मध्ये काही आहे हेच कळत नाही. कांडी ग्लिसरीनच्या रेषेवर कापल्यासारखी दिसते. सोडा-लाइमचा अपवर्तनांक १.५२ च्या आसपास, तिची कड स्वच्छ दिसते. शिशाची त्याहून ठळक. ग्लिसरीन नसेल तर सूर्यफुलाचं तेलही बरंच काम करतं.

आता ती न्यूट्रल काच. तिचा अपवर्तनांक १.४९ च्या घरात, म्हणून ती पूर्ण नाहीशी होत नाही, कडेची फिकट सावली राहते. घाईत बघणारा तिला बोरो समजतो आणि बोरोवर लावतो. वाटीखाली वर्तमानपत्र ठेवा आणि कांडीतून अक्षरं बघा. अक्षरं कडेजवळ जराही तुटली तर ती बोरो धरू नका.

तपासा: शेजारी खात्रीची १०४ कांडी बुडवली का? दोन्हींतला फरक दिसला का?

रंगीत पारदर्शक कांडीचा रंग राहील, फक्त कड विरघळते का ते पाहा. अपारदर्शक कांडीला ही चाचणी लागू नाही, तिला सरळ काट्यावर न्या. आणि तेल-ग्लिसरीन लागलेली कांडी साबणाने धुतल्याशिवाय ज्योतीकडे नेऊ नका.

## टप्पा ५: काट्यावर घनता

सोनारांकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमचा छोटा डिजिटल काटा घ्या. ६ मिलीमीटर जाडीच्या कांडीचे पाच-पाच सेंटिमीटरचे पाच तुकडे करा आणि बारीक दोऱ्याने एकत्र बांधा. कोरडं वजन लिहा, समजा १७.७० ग्रॅम.

आता काट्यावर प्लास्टिकचा ग्लास ठेवून त्यात पाणी घ्या. ग्लास आणि पाणी मिळून काट्याच्या मर्यादेत हवं, नाहीतर काटा फक्त 'एरर' दाखवत बसेल. काटा शून्य करा. जुडी दोऱ्याने धरून पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. आकडा येईल, समजा ७.०८. कोरड्या वजनाला या आकड्याने भागा: १७.७० भागिले ७.०८, म्हणजे २.५०. ही झाली घनता.

बोरो २.२३, न्यूट्रल काच २.३ आणि २.४ च्या मधली, सोडा-लाइम २.५ च्या आसपास, शिशाची २.८ च्या वर. रंगीत कांड्यांत धातूंमुळे आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण बोरो आणि सोडा यांतला फरक झाकला जात नाही.

नेहमी होणाऱ्या चुका: तुकड्यांना चिकटलेले बुडबुडे (पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका), नळीच्या पोटात अडकलेली हवा, चालू पंखा, आणि पाच-सहा ग्रॅमच्या एकाच तुकड्यावर केलेला हिशोब. काट्याची चूक ठरलेली असते, वजन लहान असेल तर तीच चूक मोठी होते.

एक गोष्ट लक्षात ठेवा. १०४, ९६ आणि ९० ही तिन्ही घराणी काट्यावर एकाच जागी येतात. घनता फक्त बोरो, न्यूट्रल आणि शिसं वेगळं काढते.

## टप्पा ६: ज्योत

इथून पुढे कांडी खर्च होते.

अनोळखी कांडी थेट ज्योतीत घुसवू नका. जुन्या कांड्यांच्या टोकाला केसाएवढ्या चिरा असतात, तडतडून तुकडा अंगावर उडतो. ज्योतीच्या बाहेरच्या टोकाला दहा-पंधरा सेकंद आत-बाहेर करत आणा. चष्मा, सुती कपडे, एक्झॉस्ट चालू, पंखा बंद.

खात्रीची आणि अनोळखी कांडी एकाच ज्योतीत, एकाच अंतरावर धरा. गॅस-हवेच्या साध्या टॉर्चवर १०४ ची कांडी थोड्याच वेळात गोळा होऊन लोंबते. बोरो तिथे लाल होऊन नुसती बसून राहते. तिला ऑक्सिजन लागतो. चौथ्या-पाचव्या टप्प्यात बोरो ठरलेली कांडी इथे मऊ पडली, तर आधीची नोंद चुकली आहे. परत मागे जा.

बिनरंगी कांडी शिशाची वाटत असेल तर ऑक्सिजन कमी करून ज्योत गॅसने जड करा आणि क्षणभर त्यात धरा. पृष्ठभाग करडा-काळा पडला तर शिसं आहे. हे रंगीत कांडीवर करून निष्कर्ष काढू नका: तांब्याचे हिरवे-निळे रंग अशा ज्योतीत लालसर, धातूसारखा थर धरतात आणि लोक त्यालाही शिसं म्हणतात.

९० आणि १०४ यांत ९० किंचित उशिरा मऊ पडते, पण हा फरक हाताच्या सवयीचा आहे. त्यावर पैजा लावू नका.

## टप्पा ७: धागा

सोडा-लाइमच्या घराण्यांना वेगळं करणारी चाचणी हीच, आणि सर्वांत जास्त चुकवली जाणारीही हीच.

खात्रीची कांडी आणि अनोळखी कांडी यांची टोकं तापवून शेजारी-शेजारी, लांबीने चिकटवा. एकीवर एक नको, गुंडाळून तर अजिबात नको. चिमट्याने दाबून दोघींची मिळून एक चपटी जोडपट्टी करा. दोन्ही काचा समान हव्यात आणि मधली रेषा सरळ दिसायला हवी. सगळी पट्टी एकसारखी तापवा, ज्योतीतून बाहेर काढा, दोन श्वास थांबा आणि मग सावकाश ओढा. अर्धा मिलीमीटर जाडीचा धागा हवा. घट्ट होईपर्यंत दोन्ही टोकं ताणून सरळ धरा. मधला २० सेंटिमीटरचा सरळ तुकडा कापून टेबलावर ठेवा.

गार झाल्यावर धागा ज्या बाजूला वाकेल, त्याच्या आतल्या बाजूची काच जास्त आकसली. म्हणजे तिचा प्रसरणांक मोठा. कुठली बाजू कोणाची हे कळावं म्हणून दोघींपैकी एक रंगीत असू द्या.

वाक मोजायचा कसा? धाग्याची दोन टोकं पट्टीला लावा आणि मध्ये पट्टीपासून किती अंतर सुटतं ते बघा. अर्ध्या मिलीमीटरच्या, २० सेंटिमीटर लांब धाग्यात १०४ आणि ९६ या जोडीचं अंतर साधारण ६ मिलीमीटर येतं, १०४ आणि ९० या जोडीचं १० च्या आसपास. धागा १ मिलीमीटर जाड ओढलात तर हेच आकडे निम्मे होतात. "सरळ आला की, म्हणजे जुळतंय" म्हणणाऱ्यांचा धागा निम्म्या वेळा नुसता जाड असतो. व्हर्नियरने जाडी मोजल्याशिवाय धागा वाचू नका.

त्यासाठी एकदा वेळ काढून स्वतःची फूटपट्टी करून ठेवा. खात्रीच्या दोन १०४ कांड्यांचा एक धागा, १०४ आणि ९६ चा दुसरा, १०४ आणि ९० चा तिसरा. तिन्ही एकाच जाडीचे, काळ्या पुठ्ठ्यावर एका टोकाशी चिकटवलेले. नवा धागा शेजारी ठेवला की आकडेमोड करावी लागत नाही. माझा पुठ्ठा टॉर्चच्या मागच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला आहे.

तपासा: एकाच जोडीचे तीन धागे ओढा. तिन्ही एकाच बाजूला, जवळपास सारखे वाकले तरच निकाल लिहा. एक इकडे, एक तिकडे गेला तर पट्टी एकसारखी तापली नव्हती किंवा ओढताना पीळ पडला.

## टप्पा ८: चाचणीचा मणी आणि लॅपटॉप

धागा सरळ आला तरी ऑर्डरच्या मण्यात ती काच घालू नका. खात्रीच्या पारदर्शक काचेचा मणी करा, पेढ्यासारखा चपटा दाबा आणि त्यावर दोन ठिपके द्या: एक अनोळखी काचेचा, दुसरा खात्रीच्या रंगीत काचेचा. खूण लक्षात ठेवा. भट्टीत ॲनील करा. १०४ च्या मण्याला मी ५१० अंश सेल्सिअसच्या आसपास धरते आणि मग हळूहळू उतरवते.

हे ॲनीलिंग सोडून फक्त राखेत किंवा व्हर्मिक्युलाइटमध्ये गार केलेला मणी इथे कामाचा नाही. त्यात ताण राहतोच, मग तो विजोड काचेचा की घाईने गार झाल्याचा, हे कसं कळणार?

आता लॅपटॉपवर पूर्ण पांढरं पान उघडा. पडदा एलसीडी हवा. पोलराइज्ड गॉगल घ्या, गॉगलची काच पडद्यासमोर धरून फिरवा. एका कोनात पडदा काळा होतो. त्याच कोनात गॉगल ठेवा आणि पडदा व गॉगल यांच्या मध्ये मणी धरा. मणी सावकाश फिरवत राहा. खात्रीच्या ठिपक्याभोवती अंधार राहायला हवा. अनोळखी ठिपक्याभोवतीच्या पारदर्शक काचेत उजळ कडं दिसलं तर ताण आहे. कडं जितकं उजळ, तितकी जोडी वाईट. मोरपंखी मण्यांतला एक फुटायचा राहिलेला मणी मी असा धरला तेव्हा प्रत्येक ठिपक्याला चंद्राला पडतं तसं खळं होतं.

दोन्ही ठिपक्यांभोवती उजेड असेल तर दोष काचेचा नाही, भट्टीचा आहे. पुन्हा ॲनील करा.

अंधार आला तरी मणी पंधरा दिवस डबीत ठेवा, तारीख लिहून.

## टप्पा ९: रंग कसा वागतो

घराणं ठरल्यावरच याकडे या. बरेच जण इथूनच सुरू करतात, कारण यात मजा आहे.

प्रत्येक गठ्ठ्याचे तीन छोटे मणी करा: एक साधा, एक वितळवून, गार होऊ देऊन पुन्हा हलका तापवलेला, एक गॅस-जड ज्योतीत धरलेला. कांडी फिकट असून दुसऱ्या तापवण्यात गुलाबी किंवा लाल उमलली तर ती रंग चढणारी काच, बहुधा सोन्याची किंवा तांब्याची. तिसऱ्यावर आरशासारखी चकाकी आली तर चांदीची असू शकते. १०४ मध्ये हस्तिदंती कांडी असेल तर तिच्यावर फिरोजी रेघ मारा. मध्ये करडी-काळी कड आली तर हस्तिदंतीत गंधक आणि फिरोजीत तांबं आहे.

बंद झालेला रंग नेमका कोणता, हे या तीन मण्यांवरून कधी कळतं, कधी नाही. हुबेहूब तोच हवा म्हणून अडून बसू नका. उरलेल्या कांड्या मोजा आणि तेवढ्यातच बसेल असं काम घ्या.

## डब्यावर काय लिहायचं

अंदाजाने कंपनीचं नाव लिहू नका. सहा महिन्यांनी तो अंदाज तुम्हालाच खरा वाटेल. आलेली वाट, घनता, धाग्याचा वाक, मण्याचा निकाल आणि तारीख, एवढंच. आणि नवीन गठ्ठा आला की, रंग कितीही तोच दिसला तरी, वेगळं अक्षर.

माझ्या मोरपंखी कांड्यांच्या डब्यावर असं लिहिलंय: "घ. ओळखीतून. घनता २.५२. १०४ पारदर्शकसोबत तीन धागे, वाक ६, ६, ५, पारदर्शक आतल्या बाजूला. १०४ वर नाही. ९६ वर मणी करून पाहायचा." सात कांड्या उरल्यात.